लसप्रभावाचे पूर्वसूचक
लस टोचल्यावर पहिल्या काही तासांपासून आठवडाभरात रक्तात दिसणारे बदल. पुढे संरक्षण किती मिळेल आणि किती टिकेल, याचा अंदाज त्यांवरून बांधतात.

लस शरीरात गेली की आधी जन्मजात प्रतिरक्षा जागी होते. पांढऱ्या पेशींतील काही जनुके एक ते तीन दिवसांत अधिक सक्रिय होतात. सातव्या दिवसाच्या सुमारास प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी रक्तात वाढतात, पण प्रतिपिंडे भरपूर व्हायला आणखी काही आठवडे जातात. पूर्वसूचक या मधल्या काळात शोधतात.

वाल्डेमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तेव्हा असे काही मोजता येत नव्हते. टोचलेल्यांपैकी किती आजारी पडले आणि न टोचलेल्यांपैकी किती, एवढाच हिशेब होता. पुढे प्रतिपिंडांचे माप आले. हेपॅटायटिस बी या काविळीसाठी रक्ताच्या दर मिलिलिटरमागे 10 मिली-आंतरराष्ट्रीय एकके पुरेशी मानतात. पण ही तपासणीही शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी करतात.

2009 मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात बाली पुलेंद्रन यांच्या गटाने पीतज्वराची लस घेतलेल्यांच्या रक्तातील जनुकांच्या सुरुवातीच्या हालचालींवरून नंतरचा प्रतिसाद आधीच ओळखता येतो, हे दाखवले. अशा तपासणीला जेमतेम अडीच मिलिलिटर रक्त पुरते. रक्त घेण्याच्या नळीतल्या द्रावणामुळे रक्तातील आरएनए, म्हणजे जनुकांच्या हालचालीची खूण, जसाच्या तसा राहतो. 2022 मध्ये 13 लसींच्या एकत्र अभ्यासातून प्रतिपिंडांचा एक समान सूचक हाती आला, मात्र तो दिसण्याचा दिवस लसीगणिक बदलतो.

महाराष्ट्राचा अनुभव सावध करणारा आहे. रोटाव्हॅक या अतिसारावरील भारतीय लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे 6,799 बाळांवर झाली. लस घेतलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के बाळांतच आयजीए प्रतिपिंडे ठळक वाढली, तरी पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचा गंभीर अतिसार सुमारे 56 टक्क्यांनी घटला. केवळ रक्ताच्या मापावर निकाल दिला असता, तर लसीवर अन्याय झाला असता. आईकडून आलेली प्रतिपिंडे, आतड्यातील इतर जंतू आणि कुपोषण यांचाही बाळाच्या प्रतिसादावर परिणाम होतो.

अकोले तालुक्यातील राजूरसारख्या आदिवासी भागासाठी हाच मुद्दा कळीचा आहे. जनुकीय सूचकांचे बहुतेक अभ्यास निरोगी तरुण प्रौढांवर झाले. डोंगरी पाड्यांतील कमी वजनाच्या बाळांना ते जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. सुई दिल्यावर बाळाला ताप आला म्हणजे लस लागू पडली, असा समज घरोघरी असतो. तो पूर्वसूचक नव्हे. ताप न आलेल्या बाळालाही लस लागू पडते. म्हणून ताप येवो न येवो, कार्डावरची पुढच्या मात्रेची तारीख पाळावी.