संपाला पुरलेला तांदूळ

आमच्या संगमेश्वर तालुक्यात 'मुंबईने कोकण जगवले' असे सर्रास म्हणतात. आजीला ते कधीच पटले नाही. मनीऑर्डरवर अंगठा तीच उठवायची, तरी म्हणायची, "मुंबयचे पैसे मीठमिरचीला. पोट भरायचं ते भातानं."

कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिली सूतगिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या दोन पिढ्यांत कोकणची वाट ठरून गेली. इथे जमीन डोंगरउताराची, पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठीत, रोकड कुठेच नाही. 1921 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास भरली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांवर होते. आजोबा पुढे त्यांच्याच वाटेने गेले. जयगडला पडावातून आगबोटीवर चढायचे, लालबागच्या गाळ्यात गाववाल्यांसोबत पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. पगार एकट्यापुरता, बिऱ्हाड करायची सोयच त्यात नव्हती.

बिऱ्हाड गावी राहिले आणि शेतीही त्याच्याच अंगावर पडली. होळीनंतर आजी आणि जावा कवळे तोडून आणत, शेण आणि पालापाचोळ्याचे थर रचून वर माती पसरत आणि राब भाजत. त्या राखेत मिरगाला भात पेरायचे, आषाढात गुडघाभर चिखलात लावणी. वरकस जमिनीवर नाचणी, वरी. गणपतीला आलेले आजोबा परत निघाले, की त्यांच्या पिशवीत तांदूळ, कुळीथ, आमसुले असत. पंचेचाळिशीत कापसाच्या धुळीने छाती धरली, तेव्हा ते घरी आले ते कायमचेच. पुढे खाटेवरची नाचणीची पेज आजीच्या शेतातली. गिरणीने उमेदीची वर्षे तेवढी घेतली. बालपण, आजारपण आणि म्हातारपण गावाच्या खात्यावर मांडले.

संपाचेही तसेच. 1928 चा मोठा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. कितीतरी कामगार सरळ गावाकडे आले. आजीने सासूकडून ऐकले होते, की त्या वर्षी लावणीला कधी नव्हेत एवढे हात मिळाले. सहा महिने लोक तगले, ते युनियनच्या बळावर आणि तितकेच कणगीतल्या भातावर.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा थोरले काका शिमग्याला म्हणून आले आणि राहिले. कणगी श्रावणापर्यंत पुरली. पण मधल्या काळात जाणती पोरे मुंबईला गेलेली, आजी थकलेली, निम्मी वरकस पडीक. दिवाळीला काकांनी बैलजोडी विकली. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. काका परत गेले, ते गिरणीत नव्हे, एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून.

पुढे गिरण्यांच्या जमिनीवरून रण पेटले. 1991 च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मालक, महापालिका आणि म्हाडा. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी मोकळ्या जागेपुरती आखडली. गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या, त्याही झगडून. हा झगडा न्याय्यच होता. पण गिरण्या स्वस्तात चालाव्यात म्हणून ज्या बायकांनी शेते ओढली, त्यांचा वाटा कोणी मागितला नाही. आजीनेही नाही.

2020 च्या टाळेबंदीत माझा चुलतभाऊ भिवंडीच्या गोदामातले कंत्राटी काम सोडून आला. चौदा दिवस शाळेच्या वर्गात काढून घरी पोचला, तेव्हा भाताच्या खाचरात कमरेएवढे रान माजलेले होते. रानडुकरे आणि माकडांपुढे शेजाऱ्यांनीही नाचणी सोडून दिलेली. सातबाऱ्यावर नावे सतरा, नांगर एकाकडेही नाही. रेशनच्या तांदळावर घर चालले आणि वाहतूक सुरू होताच तो मिळेल त्या पगारावर पुन्हा रुजू झाला. वाटाघाट करायला थांबणे त्याला परवडत नव्हते. 1928 च्या संपात त्याच्या पणज्याच्या पिढीला ते परवडले होते.

मजुरांना शेतीतून काढून कारखान्यांत नेले की देश पुढे जातो, असे आपण शिकलो. इथे माणूस शेतीतून निघाला, पण त्याचा पगार अजून मागे कोणीतरी शेत सांभाळते आहे असे धरूनच ठरतो.