सिमेंटचा शोध १८२४ साली लागला का?

सिमेंटचा इतिहास वाचायला घेतलात की पहिल्याच पानावर एक वाक्य भेटतं: '१८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचा शोध लावला.' आपल्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते जसंच्या तसं उतरवून पुढे जाता येतं. पण जरा थांबा. यातलं साल बरोबर आहे, माणूस बरोबर आहे, नावही बरोबर आहे. गडबड आहे ती 'शोध' या शब्दात. ती उलगडली, की सिमेंटमधून इतका कार्बन डायऑक्साइड का निघतो हेही कळतं.

अ‍ॅस्पडिन हा इंग्लंडमधल्या लीड्सचा गवंडी. २१ ऑक्टोबर १८२४ रोजी त्याला 'कृत्रिम दगड' तयार करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. चुनखडी भाजायची, चिकणमातीत कालवायची, पुन्हा भाजायची आणि दळायची. पोर्टलंड बेटावरचा दगड तेव्हा बांधकामात नावाजलेला होता. आपला माल त्याच्यासारखा दिसतो, म्हणून नाव पोर्टलंड सिमेंट. थोडक्यात, नाव ही जाहिरातच होती! पेटंटमध्ये दोन गोष्टी मात्र नाहीत: कोणता पदार्थ किती घ्यायचा आणि भट्टी किती तापवायची. आणि सगळं अडतं ते नेमकं इथेच.

कसं ते बघा. चुनखडी तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. हा चुना मातीतल्या सिलिकाशी जोडला जातो. एक मोल सिलिकाला दोन मोल चुना मिळाला तर बेलाइट तयार होतं, तीन मोल मिळाला तर एलाइट. बेलाइट कमी तापमानाला बनतं, पण ताकद धरायला महिने घेतं. एलाइट पहिल्या काही दिवसांतच ताकद देतं. आज आपण स्लॅबखालचं सेंट्रिंग लवकर काढू शकतो ते त्याच्या जोरावर. पण एलाइटसाठी भट्टी साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. तिथे मालाचा काही भाग वितळतो आणि थंड झाल्यावर काळपट, टणक गोळे हाती येतात. तेच क्लिंकर.

जोसेफचं सिमेंट इतकं तापवलेलं नव्हतं, असं आज अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण पोर्टलंड सिमेंट म्हणतो, ते त्याच्या पेटंटात नव्हतंच. मग ते आलं कुठून?

१८४० च्या दशकात जोसेफचा मुलगा विल्यम लंडन परिसरात सिमेंट बनवू लागला. त्याचा माल जास्त मजबूत होता. स्वान्सकोंबच्या कारखान्याचा व्यवस्थापक आयझॅक जॉन्सन त्याचं गुपित शोधायच्या मागे लागला. जॉन्सनने पुढे कित्येक वर्षांनी सांगितलेली हकिगत मजेदार आहे. कामगारांना थांगपत्ता लागू नये म्हणून विल्यम स्वतः भट्टीत शिरून मोरचूद वगैरेच्या पुडी मूठमूठ उधळायचा. जॉन्सनने नमुना तपासून घेतला, तर उत्तर आलं कॅल्शियम फॉस्फेट. म्हणून त्याने हाडं जाळली आणि शेजारीपाजारी वैतागले! शेवटी जास्त जळालेले, टाकाऊ वाटणारे गोळे त्याने दळून पाहिले. ते सावकाश घट्ट झाले, पण नेहमीच्या मालापेक्षा कितीतरी मजबूत निघाले.

आता संशोधक म्हणून विचार करा. ही हकिगत सांगणारा स्वतःच श्रेयाचा दावेदार आहे आणि ती सांगतोय खूप उशिरा. तिच्यावर कितपत विसंबायचं? इथे कागदापेक्षा दगड उपयोगी पडला. विल्यमच्या काळातल्या जुन्या सिमेंटमध्ये पाण्याशी संयोग न झालेले कण शिल्लक होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत एलाइट दिसलं. म्हणजे विल्यमची भट्टी तेवढी तापत होती. आपण काय बनवतोय हे त्याला रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी. ते स्पष्टीकरण १८८७ साली फ्रान्समध्ये ल शातलिएने दिलं, आणि तेही आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात!

या सगळ्याचा आजच्या कार्बनशी संबंध काय? १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एलाइटला चुना जास्त लागतो, म्हणून हा हिशेबही वाढतो. क्लिंकर बनवताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक इंधनातून नाही, तर थेट चुनखडीतून येतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो थांबणार नाही. जगात वर्षाला सुमारे ४ अब्ज टन सिमेंट बनतं, हे लक्षात घ्या. म्हणूनच भाजलेली चिकणमाती, राख, स्लॅग घालून क्लिंकरचं प्रमाण कमी करण्यावर आज इतकं संशोधन चालू आहे.

तेव्हा 'अमक्याने अमुक साली शोध लावला' असं लिहिण्याआधी विचारा: नक्की कशाचा? नावाचा, पदार्थाचा की स्पष्टीकरणाचा? सिमेंटच्या बाबतीत या तीन गोष्टी तीन वेगळ्या माणसांकडून आल्या, आणि त्यांत साठेक वर्षं गेली. फक्त १८२४ लिहिलंत, तर आपल्या प्रयोगशाळेतला खरा प्रश्न, म्हणजे ते तीन मोल चुन्याचं गणित, नजरेतूनच सुटेल.