ढिल्या साखळीची गोष्ट

माझ्या मामांना लहानपणी पोलिओ झाला होता. ते हाताने चालवायची तीनचाकी सायकल वापरत. छातीसमोर फिरवायच्या दांड्यापासून मागच्या चाकापर्यंत तिची लांबलचक साखळी होती. ती सैल पडली की लोंबे, नळीवर घासे आणि चढावर नेमकी उतरे. आपली साखळी उतरली तर आपण खाली उतरतो, चढवतो आणि हात पुसून पुढे जातो. मामांना ते शक्य नव्हते. कुणी तरी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहणे, एवढेच त्यांच्या हाती उरे.

उपाय तसा लहान होता. साखळीला मध्ये आधार देणारा एक रोलर हवा होता. मी दुकाने पालथी घातली. 'असा पार्ट येत नाही, नवी चेन टाका,' हेच उत्तर सगळीकडे मिळाले. एवढीशी वस्तू का मिळू नये, म्हणून मी तिचा इतिहास वाचायला घेतला.

सायकलला लागणाऱ्या रोलर साखळीचे पेटंट मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये घेतले. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले यांची 'रोव्हर' आली आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल रुळली. गिअर एकच होता. साखळी सैल झाली की मागचे चाक जरासे मागे ओढायचे. आपल्या कोपऱ्यावरचा सायकलवाला आजही तेच करतो.

पंचाईत झाली ती अनेक गिअर आल्यावर. मोठ्या दातेरी चक्राला साखळी जास्त लागते, लहानाला कमी. मग उरलेली साखळी ठेवायची कुठे? फ्रान्समधल्या कारागिरांनी स्प्रिंगने ताणलेले छोटे चाक लावून हा सैलपणा सांभाळला. इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीच्या 'कांबिओ कोर्सा' गिअरमध्ये मात्र असे चाकच नव्हते. चालत्या सायकलवर मागचे चाक सैल करून ते मागेपुढे सरकू द्यावे लागे. अशाच गिअरवर जीनो बार्ताली यांनी 1948 ची टूर द फ्रान्स जिंकली! पुढे त्याच कंपनीने 'ग्रान स्पोर्ट'मध्ये दोन छोटी चाके बसवली. गिअरच्या सायकलीत मागे खाली दिसते ती जोडी हीच. ही चाके सायकलला पुढे ढकलत नाहीत, फक्त साखळीला धाक लावतात.

मग ही चाके दुकानात मिळतात आणि मामांचा रोलर का मिळत नाही? याचे उत्तर मला आणखी एका सायकलच्या कथेत सापडले. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी पाठीवर रेलून चालवायची सायकल बनवली होती. 1933 मध्ये तिच्यावर बसून फ्रान्सिस फोर यांनी तासाभरात 45.055 किलोमीटर अंतर कापले आणि 1914 पासूनचा विक्रम मोडला. पण 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्याच अशी केली की ही सायकल शर्यतीबाहेर गेली. जे शर्यतीत नाही ते बाजारात फारसे येत नाही. पुढे अशा सायकली हौसेने बनवणाऱ्यांना साखळी दूरवर न्यावी लागे. तिला आधार देणारे रोलर ते शोधत, नाही तर स्वतःच घडवत.

मामांची सायकलही त्याच जातीची. ज्याचे गिऱ्हाईक थोडे, त्याचा भाग दुकानात नसतो.

शेवटी ओळखीच्या एका लेथवाल्याने नायलॉनच्या दांड्यातून रोलर कातून दिला. कडेने खोबण आणि पोटात 22 मिलिमीटरचे बेअरिंग. पहिल्यांदा आम्ही तो साखळीच्या ताणलेल्या बाजूला लावला. मामांनी जोर लावताच त्याची पट्टी वाकली. तेव्हा लेथवाला म्हणाला, "साहेब, जोराच्या वाटेत उभे राहू नका. साखळी जिथून रिकामी परत येते, तिथे लावा." तसे केले. साखळी लोंबायची थांबली.

त्या संध्याकाळी मामा एकटेच देवळाचा चढ चढून आले. "कुणाला हाक मारावी लागली नाही," एवढेच म्हणाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)