अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया आणि कॅल्शियमची घट : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. तथापि, अवटू (थायरॉइड) ग्रंथीची शस्त्रक्रिया सुरक्षित होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, भूल व निर्जंतुकीकरण यांचा प्रसार झाल्यानंतर. याच काळात एक नवे कोडे शल्यविशारदांसमोर उभे राहिले. त्याच्या उकलीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दोन शहरे, दोन परिणाम :
व्हिएन्ना येथे बिलरोथ यांच्याकडे संपूर्ण ग्रंथी काढलेल्या काही रुग्णांना हातापायांत आकडी येत असे. त्यांचे सहकारी वोल्फलर यांनी १८७९ मध्ये त्याची नोंद केली. बर्न येथील कोखर यांच्या रुग्णांत आकडी विरळ होती. मात्र सूज व बुद्धिमांद्य दिसून आल्याचे त्यांनी १८८३ मध्ये प्रांजळपणे मांडले. या भेदाचे कारण अमेरिकन शल्यविशारद हालस्टेड यांनी पुढे सुचविले. कोखर यांच्या काटेकोर, अल्परक्तस्रावी पद्धतीत अवटूमागील चिमुकल्या परावटू ग्रंथी बचावत असत.

परावटूचा शोध :
१८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मृत झालेल्या भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी प्रथम दिसली. मानवी शरीरातील तिचे वर्णन स्वीडनच्या सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले. परंतु ते दुर्लक्षित राहिले. १८९१ मध्ये ग्ले यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून तिचे महत्त्व दाखविले. १९०९ मध्ये मॅकॅलम व फोग्टलिन यांनी परावटू काढल्यास रक्तातील कॅल्शियम घटते आणि ते दिल्यास आकडी थांबते, हे सिद्ध केले. त्याच वर्षी कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

समारोप :
हा इतिहास खामगावसारख्या तालुक्याच्या गावासही लागू पडतो. येथील रुग्णास अशा शस्त्रक्रियेसाठी अकोला वा नागपूर गाठावे लागल्यास तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये (अनुक्रमे २००२ व १९४७) उपलब्ध आहेत. परंतु कॅल्शियम बहुधा पहिल्या दोन ते चार दिवसांत नीचांकी पोहोचते; तोवर रुग्ण घरी परतलेला असू शकतो. ओठांभोवती व बोटांच्या टोकांस येणाऱ्या मुंग्या अशक्तपणा समजून अंगावर काढल्या जाण्याचा धोका तेथेच संभवतो. बहुतांश रुग्णांत ही घट तात्पुरती असते व कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने ती भरून निघते. काहींना मात्र आजन्म उपचार घ्यावे लागतात. म्हणूनच रुग्णास घरी पाठविताना या लक्षणांची कल्पना कुटुंबीयांना मराठीतून देणे आणि रक्ततपासणीची सोय गावातच असणे अगत्याचे आहे. जे कोडे उलगडण्यास तीस वर्षे लागली, त्याचे उत्तर माहीत असूनही रुग्णाने त्रास सोसावा, हे समर्थनीय ठरत नाही.