मुंज नाकारली, समशेर दिली

आमच्या मनमाडच्या मुलांना मस्तानी विचारली की २०१५च्या सिनेमातला नाच सांगतात. तिच्या मुलाचं नाव विचारलं की वर्ग गप्प.

१७२९ मध्ये बाजीरावांनी महंमदखान बंगशाविरुद्ध बुंदेलखंडच्या छत्रसालांना मदत केली. छत्रसालांनी राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग दिला. त्यांची मुलगी मस्तानी पुण्यात आली. त्या काळी सरदाराला एकाहून जास्त बायका असणं नवलाचं नव्हतं. पण मस्तानीला पेशव्यांच्या घरात मानाने पत्नी म्हणून वागवायचं, तिच्या मुलाला घरातलाच मुलगा मानायचं, हे पुण्याला झेपलं नाही. १७३४ साली मुलगा झाला. नाव कृष्णराव. बाजीरावांना त्याची मुंज करायची होती, भटजी तयार झाले नाहीत. मग तो समशेर बहाद्दर झाला. समशेर म्हणजे तलवार, हे उर्दू वाचणाऱ्यांना सांगायला नको.

घरातल्यांनी पुढे मस्तानीला नजरकैदेत टाकलं. त्यात भाऊ चिमाजीअप्पा होते आणि थोरला मुलगा नानासाहेबही. साताऱ्याच्या शाहू महाराजांना मात्र बाजीरावांना असं दुखावणं पसंत नव्हतं. दरबार सगळा एका बाजूला होता असं समजण्याचं कारण नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी इथे बाजीराव वारले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. पाबळला तिची कबर आहे. कुणी तिला समाधी म्हणतं, कुणी मजार.

सहा वर्षांच्या पोरक्या समशेरला वाढवलं काशीबाईंनी. सवतीच्या मुलाला! सिनेमात दोघींना एकत्र नाचवलं, ही खरी गोष्ट मात्र राहून गेली. त्याला सरदारकी मिळाली, बुंदेलखंडातली जहागीर मिळाली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तो चुलतभाऊ सदाशिवरावभाऊंच्या फौजेत लढला, जखमी झाला आणि सूरजमल जाटाच्या मुलखात त्याने प्राण सोडला. वय जेमतेम सत्तावीस. ज्याला जानवं मिळालं नाही, तो त्याच घराण्यासाठी मेला. आमच्या निष्ठेचे दाखले मागणाऱ्यांनी हा मुलगा एकदा वाचावा.

त्याचा मुलगा अली बहाद्दर. त्याने आजीच्याच बुंदेलखंडात बांद्याची नवाबी उभी केली आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्याच्या वेळी तो वारला. त्याच घराण्यातले दुसरे अली बहाद्दर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले. १८५८ मध्ये बांदा पडलं, नवाबी गेली आणि त्यांची रवानगी इंदूरला झाली.

शनिवारवाड्याच्या ज्या दाराला आपण मस्तानी दरवाजा म्हणतो, त्याचं दुसरं नाव अलीबहाद्दर दरवाजा आहे.