दोन डोळे, बारा हात आणि तीन-दहाची गाडी
कैदी, शेतकरी आणि अवर्षण यांची गोष्ट सांगणारे १९५७ मधील दोन चित्रपट

जालना : हातात बेड्या पडलेला दरोडेखोर, त्याच्यासमोर बंदूक घेऊन बसलेला अवर्षणग्रस्त शेतकरी आणि दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सुटणारी आगगाडी. एवढ्याच भांडवलावर अमेरिकेत १९५७ मध्ये 'थ्री टेन टू युमा' हा चित्रपट उभा राहिला. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी 'दो आँखे बारह हाथ' पडद्यावर आणला. त्यात एक जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळरानावर शेती करायला जातो. या दोन्ही कलाकृतींचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तरीही पकडलेल्या माणसाचे करायचे काय, त्याला केवळ राखायचे की त्याच्यावर विश्वास टाकायचा, हा एकच प्रश्न दोन्ही चित्रपट विचारतात. दुष्काळ आणि कर्ज ज्यांच्या पाचवीला पुजले आहे, त्या जालना जिल्ह्यातील प्रेक्षकाला ही दोन्ही कथानके परकी वाटू नयेत.

दोनशे डॉलरचा सौदा

'थ्री टेन टू युमा'चे मूळ एल्मोर लिओनार्ड यांच्या १९५३ मध्ये मासिकात प्रसिद्ध झालेल्या कथेत आहे. त्या कथेत कैद्याला गाडीपर्यंत पोचविणारा पोलिस अधिकारी होता. दिग्दर्शक डेल्मर डेव्हज यांच्या चित्रपटात त्याची जागा गुरे पाळणाऱ्या सामान्य शेतकऱ्याने घेतली. या एका बदलाने कथेचे वजन वाढले. डॅन इव्हान्सच्या (व्हॅन हेफ्लिन) मुलखात तीन वर्षे पाऊस नाही. गुरे मरत आहेत आणि शेजारच्या ओढ्याचे पाणी घेण्यासाठी त्याला दोनशे डॉलर हवे आहेत. दरोडेखोरांचा म्होरक्या बेन वेड (ग्लेन फोर्ड) याला कॉन्टेन्शन गावच्या स्थानकावर नेऊन युमा तुरुंगाच्या गाडीत बसविण्याचे काम तो पत्करतो, ते शौर्यासाठी नव्हे, तर पाण्याच्या पैशासाठी.

हॉटेलच्या एका खोलीत गाडीची वाट पाहताना कैदी त्याला हजारो डॉलरचे आमिष दाखवितो. बाहेर टोळी जमते, मदतीला आलेले लोक एकेक करून पाय काढतात. शेवटी काम देणारा मालकच 'तू गेलास तरी चालेल, पैसे देतो' असे सांगतो, तेव्हाही डॅन मागे हटत नाही. सौद्याचे रूपांतर कर्तव्यात होते ते याच क्षणी. अखेरीस वेड स्वतःच्या मनाने त्याच्यासह धावत्या गाडीत उडी घेतो आणि कोरड्या भूमीवर पाऊस कोसळू लागतो. जेम्स मॅनगोल्ड यांनी २००७ मध्ये रसेल क्रो आणि ख्रिश्चन बेल यांना घेऊन हा चित्रपट पुन्हा केला. त्याचा शेवट मात्र शेतकऱ्याच्या मृत्यूने होतो. मूळ चित्रपटाचा समावेश २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत झाला.

आदिनाथ आणि सहा कैदी

शांताराम यांच्या चित्रपटातील आदिनाथ हा जेलर बंदूक बाळगत नाही. जन्मठेपेच्या सहा कैद्यांना वरिष्ठांच्या परवानगीने तो तुरुंगाबाहेर काढतो आणि पडीक जमिनीवर आणतो. 'बारा हात' या सहा जणांचे. 'दोन डोळे' आदिनाथचे. पळून जाण्याची संधी असूनही त्या डोळ्यांची आठवण कैद्यांना परत आणते, ही चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना. जमीन नांगरली जाते, आभाळ भरून येते, भाजीपाला पिकतो आणि तो स्वस्त दरात बाजारात जातो. येथे खरा संघर्ष सुरू होतो. प्रामाणिक भावाने विकणारे हे कैदी बाजारातील व्यापाऱ्याच्या डोळ्यांत खुपतात. पिकावर घातलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण गमावतो. कैदी मात्र शेत सोडून जात नाहीत.

बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात शांताराम यांच्या डोळ्यांना खरोखरच गंभीर इजा झाली होती. दृष्टी वाचली आणि त्यानंतर १९५९ मध्ये 'नवरंग' आला. 'दो आँखे बारह हाथ'ला राष्ट्रपती सुवर्णपदक, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल आणि अमेरिकेत गोल्डन ग्लोबचा सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार मिळाला.

कथेचे मूळ आटपाडीत

ही कथा ग. दि. माडगूळकर यांची. मात्र ती निव्वळ कल्पनेतून उतरलेली नाही. गदिमांचा जन्म १९१९ मध्ये आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे झाला. तो मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपविला. युवराज अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचा या प्रयोगात मोठा वाटा होता. त्याच काळात आटपाडीजवळ कैद्यांची एक वसाहत वसविण्यात आली. तिचे नाव स्वतंत्रपूर. तिला भिंत नव्हती. शिक्षा झालेला माणूस बायको-मुलांसह तेथे राहायचा आणि शेती करायचा. आटपाडी हा माणदेशाचा, कायम कमी पावसाचा भाग. तेथे पीक काढणे हीच मुळात परीक्षा. संस्थाने विलीन झाली, तरी सांगली जिल्ह्यातील ही वसाहत राज्याच्या कारागृह विभागाकडे चालू राहिली.

पैठणचा शेजार

असा प्रयोग पाहण्यासाठी जालनेकरांना आटपाडीपर्यंत जावे लागत नाही. अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठण येथे राज्याचे खुले कारागृह आहे. येरवडा, विसापूर, मोर्शी येथेही अशी कारागृहे आहेत. शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात चांगल्या वर्तनाने काढलेल्या कैद्यांतून येथे निवड होते. दिवसा शेतात काम, कामाची मजुरी आणि बंद तुरुंगाच्या तुलनेत शिक्षेत अधिक माफी, असे त्याचे साधारण स्वरूप. उंच भिंत नसते. पळून गेल्यास मिळवलेले सारे गमवावे लागते, हाच पहारा. जन्मठेप भोगून गावी परतणाऱ्या माणसाला जमीन कसता येते की नाही, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. आदिनाथची कल्पना अशा रीतीने शासकीय नियमांत उतरली.

दोन्हीकडे पाऊस

भारतीय प्रेक्षकाला 'थ्री टेन टू युमा'ची जवळची आठवण करून देणारा चित्रपट म्हणजे १९७५ चा 'शोले'. पकडलेल्या जय-वीरूला गाडीतून नेणारा इन्स्पेक्टर ठाकूर आणि दरोडेखोरांच्या हल्ल्यात त्याची साथ देणारे कैदी, हा प्रसंग त्याच जातीचा. मात्र 'शोले'त दुष्काळ नाही. तो 'युमा'त आणि 'दो आँखे'त आहे.

जालना जिल्ह्याने २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, जनावरे चारा छावण्यांत नेऊन बांधली, टँकरची वाट पाहिली. पाण्यासाठी दोनशे डॉलर मागत फिरणारा डॅन इव्हान्स येथील कोणत्याही शिवारात भेटू शकतो. अशा वेळी चार पैशांसाठी माणूस काय करील आणि काय करणार नाही, हाच या चित्रपटांचा विषय. दोन्ही चित्रपटांत पाऊस येतो. अमेरिकन चित्रपटात तो शेवटी, वचन पाळल्याच्या पावतीसारखा येतो. शांताराम यांच्या चित्रपटात तो मध्येच येतो, कारण पावसानंतरही पेरणी, राखण आणि बाजार हे सारे उरलेलेच असते. शेतकऱ्याला दुसरा हिशेब अधिक ओळखीचा आहे.

दृष्टिक्षेपात

थ्री टेन टू युमा (१९५७) : दिग्दर्शक डेल्मर डेव्हज, मूळ कथा एल्मोर लिओनार्ड, कलाकार ग्लेन फोर्ड, व्हॅन हेफ्लिन, फेलिशिया फार, कृष्णधवल. नवी आवृत्ती २००७.

दो आँखे बारह हाथ (१९५७) : निर्मिती राजकमल कलामंदिर, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ग. दि. माडगूळकर, गीते भरत व्यास, संगीत वसंत देसाई, कलाकार व्ही. शांताराम, संध्या, उल्हास, बी. एम. व्यास, बाबूराव पेंढारकर, कृष्णधवल.