घोड नदीकाठची शेतकरी वस्ती



इतिहास म्हटला की औरंगपुऱ्यात राहणाऱ्या आपणांस दौलताबादचा किल्ला, मलिक अंबरची नहर आणि बीबी का मकबरा आठवतो. परंतु ज्यांनी ना किल्ला बांधला ना शिलालेख कोरला, त्या शेतकऱ्यांचा इतिहास कोठे वाचावा? तो मातीत वाचावा लागतो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. झेड. डी. अन्सारी या विद्वानांनी त्याचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध केला.

इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास येथे वस्ती झाली. नदीकाठच्या गाळावर लोक सातू, गहू, मसूर, हुलगा पिकवीत. घरे चौकोनी, कुडाची. घरात चूल, कणगी व धान्याचे पेव. पुराला अडविण्यासाठी दगडमातीचा बांध होता व शेजारी पाण्याचा पाट. असे काम एका कुटुंबाला झेपणारे नव्हे; साऱ्या वस्तीचे हात लागले असले पाहिजेत. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्यकोठारही आढळले. ते घर गावच्या प्रमुखाचे असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

इसवी सनापूर्वी १००० नंतर मात्र चित्र पालटले. प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती रोडावली, गुरे व शिकार यांवर भिस्त वाढली. पाऊसमान घटले हे त्याचे कारण, असे डॉ. ढवळीकरांचे मत होते. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास वस्ती उठली. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याला ही कथा परकी वाटू नये. पाणी व धान्य यांची सर्वांनी मिळून राखण केली तोवर गाव नांदले. पावसाने पाठ फिरविली तेव्हा घरेही आक्रसली.

मित्रांनो, जमिनीतला खड्डा पाहून हे पेव, गोल ओटा पाहून ही कणगीची बैठक, हे शेतकऱ्याच्या लेकराला चटकन उमगते. ते ज्ञान क्षुल्लक मानू नका. सुटीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना पेव कसे भरीत, पाटाच्या पाळ्या कशा ठरत, हे विचारा आणि वहीत टिपून ठेवा. इनामगावच्या शेतकऱ्याला लिहिता येत नव्हते; तुम्हांला येते.